वीस सेकंदांची माफी

१४ नोव्हेंबर २०१७ च्या सकाळी जपानमधल्या मिनामी-नागारेयामा स्थानकातून एक गाडी ९ वाजून ४४ मिनिटं २० सेकंदांनी सुटली. वेळापत्रकाप्रमाणे ती ४० व्या सेकंदाला सुटायची होती. कुणाची तक्रार आली नव्हती आणि पुढची गाडी चारच मिनिटांनी होती. तरीही तोक्यो ते त्सुकुबा हा मार्ग चालवणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी प्रवाशांची जाहीर माफी मागितली. गाडी उशिरा आली म्हणून नव्हे, वीस सेकंद आधी सुटली म्हणून.

ती बातमी आपल्याकडे मोबाइलवर खूप फिरली. बहुतेकांनी ती कौतुकाने पुढे पाठवली आणि खाली एकच वाक्य जोडलं, ‘नाहीतर आपण!’ त्या वाक्याने मी तेव्हापासून अस्वस्थ आहे, कारण २०१७ याच सालातल्या आपल्या काही तारखा माझ्या डोक्यात घर करून बसल्या आहेत.

२२ मे २०१७ ला मुंबईहून गोव्यात करमाळीला जाणारी तेजस एक्स्प्रेस सुरू झाली. पहिल्याच फेरीत हेडफोन गायब झाले आणि सीटमागच्या स्क्रीनवर ओरखडे उमटले. १४ सप्टेंबरला अहमदाबादेत नरेंद्र मोदी आणि शिंझो आबे यांच्या हस्ते मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन झालं. त्यानंतर बरोब्बर पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. २५ डिसेंबरला बोरिवलीहून चर्चगेटला मुंबईची पहिली वातानुकूलित, बंद दारांची लोकल धावली. देशाच्या रेल्वेबद्दल आपण जे जे बोलतो, ते सगळं त्या एका वर्षात आलं होतं.

एल्फिन्स्टनचा पूल ज्यांनी वापरला आहे, त्यांना तो जिना आठवत असेल. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. दादरच्या बाजारातून झेंडू घेऊन निघालेली माणसं होती, कचेरीत पोचायची घाई होती आणि अचानक जोराची सर आली. छत्री नसलेले लोक जिन्यावरच थांबले आणि मागून गाड्यांमधून उतरणारी गर्दी येतच राहिली. फुलांचा भारा पडला, ‘फूल गिर गया’ अशी हाक उठली आणि ती मागच्यांना ‘पूल गिर गया’ अशी ऐकू गेली, असं वाचलेल्या काहींनी सांगितलं. हाक कोणती होती, यापेक्षा मला एक गोष्ट जास्त छळते. त्या जागी रुंद पूल हवा, ही मागणी आधीपासून होती आणि तो मंजूरही झाला होता. तो कागदावरून जमिनीवर आला नव्हता, एवढंच. ज्या भागात गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तिथे उतरणाऱ्या माणसांची संख्या कुठच्या कुठे गेली आणि जिना मात्र होता तेवढाच राहिला. पुढे लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घेतला गेला आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस तो खुला झाला. म्हणजे वर्षानुवर्षं रखडलेलं काम पाच महिन्यांत होण्यासारखं होतं.

या तारखा पुढे ठेवल्या की दोन युक्तिवाद हमखास ऐकू येतात. पहिला असा की ज्यांना तेजसचे हेडफोन जागेवर ठेवता येत नाहीत, त्यांना बुलेट ट्रेन कशाला हवी? आधी नागरिक सुधारा, मग गाड्या आणा. दुसरा असा की बुलेटचे पैसे लोकलला द्या. दोन्ही मी अनेकदा ऐकले आहेत आणि एकेकाळी पहिला मलाही पटायचा. आता दोन्ही पटत नाहीत.

नागरिक सुधारण्याचा मुद्दा आधी घेते. मी वीसेक वर्षं लेडीज डब्यातून प्रवास करते आहे. चढल्याबरोबर बसलेल्या बाईला ‘कुठे?’ असं एका शब्दात विचारायचं असतं. तिने स्टेशन सांगितलं की ती सीट तुमची ठरते. मग मध्ये दहा बायका चढल्या तरी ती जागा कुणी घेत नाही. तिघींच्या बाकावर चौथीला जागा द्यायची, तीही अर्धी टेकण्यापुरती का होईना. गरोदर बाई दिसली की दाराजवळून आवाज जातो आणि आतली कुणीतरी उठते. यातला एकही नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो मोडला तर दंडही नाही. तरी हजारो अनोळखी बायका रोज तो पाळतात, कारण तो पाळला जाईल असा भरवसा प्रत्येकीला आहे. ज्या समाजात हे घडतं, त्याला नागरी जाणीवच नाही, असं मी कसं म्हणू?

आणखी एक दृश्य मी घाटकोपरला नेहमी पाहते. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. मेट्रोच्या फलाटावर माणसं खुणेच्या पट्ट्यामागे उभी असतात. आतल्यांना उतरू देतात, मग चढतात. तीच माणसं जिना उतरून लोकलच्या फलाटावर येतात आणि गाडी थांबायच्या आतच धावत्या डब्यात उडी मारतात. मधे पाच मिनिटंसुद्धा गेलेली नसतात. एवढ्या वेळात कुणाचे संस्कार बदलत नाहीत, समोरची व्यवस्था बदलते. मेट्रोत दार ठरलेल्या जागी येतं, बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही आणि ही गेली तर थोड्याच वेळात दुसरी येणार, हे ठाऊक असतं. लोकलच्या फलाटावर पुढची गाडी येईल का, आली तर तिच्यात पाय ठेवायला जागा मिळेल का, याची खात्री नसते. ज्याला लेटमार्क लागला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो, तो माणूस रांगेत उभा राहून शहाणपणा करू शकत नाही. मेट्रोचं तिकीट महाग आहे आणि तिथे लोकलएवढी गर्दी नसते, हेही खरंच. पण त्याने माझं म्हणणं उलटत नाही. उलट गर्दी हीसुद्धा व्यवस्थेनेच ठरवलेली गोष्ट आहे.

जपानी माणूस काही घड्याळ घेऊन जन्माला आला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे शिकवायला गेलेले डच लोक, हे वेळ पाळत नाहीत, ठरलेलं सामान ठरल्या दिवशी येत नाही, म्हणून वैतागत. जपानची पहिली रेल्वे शिंबाशी ते योकोहामा १८७२ ची. आपली बोरीबंदर ते ठाणे १८५३ ची, म्हणजे त्यांच्याआधी एकोणीस वर्षं. नाना शंकरशेट यांच्यासारखी माणसं त्या कामात होती. सुरुवात आपण आधी केली होती. त्यांनी वेळ शिकली ती रेल्वेकडून, शाळेच्या घंटेकडून, कारखान्याच्या भोंग्याकडून. आधी यंत्रणा वेळेवर चालू लागली आणि मग माणसं तिच्याबरोबर चालू लागली.

त्यांचे अपघातही काही कमी नव्हते. १९६२ च्या मे महिन्यात तोक्योच्या मिकावाशिमाजवळ गाड्या एकमेकींवर आदळून १६० माणसं गेली. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये योकोहामाजवळ त्सुरुमीला १६१ गेली. पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर १९६४ ला, तोक्यो-ओसाका शिंकानसेन, म्हणजे त्यांची बुलेट ट्रेन, सुरू झाली. ज्यांनी ती उभी केली, ते रेल्वेप्रमुख शिंजी सोगो आणि अभियंता हिदेओ शिमा खर्च अंदाजाबाहेर गेल्यामुळे आधीच पद सोडून गेले होते. त्या कामासाठी जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्जही काढलं होतं. म्हणजे आपल्यासारखाच कर्जबाजारी, अपघातांनी पोळलेला आणि खर्चावरून भांडणारा देश होता तो. तरी त्या दिवसापासून आजवर शिंकानसेनची गाडी घसरून किंवा धडकून एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही.

हे कशामुळे झालं, ते पाहायला हवं, कारण आपल्याकडे बुलेट ट्रेनची चर्चा ताशी ३२० किलोमीटरच्या आकड्यापाशीच संपते. शिंकानसेनचा मार्ग बाकीच्या रेल्वेपासून वेगळा आहे. रस्ता ओलांडणारं फाटक नाही, मालगाडी नाही, रुळांवरून चालत जाणारा माणूस नाही. एवढ्या वेगात चालकाला बाहेरचा सिग्नल वाचता येणार नाही, म्हणून वेगमर्यादा थेट त्याच्या समोर दिसते आणि त्याने ती ओलांडली तर गाडी आपोआप ब्रेक लावते. भूकंपाचे पहिले हलके धक्के पकडून वीज तोडणारी यंत्रणा आहे. मार्च २०११ च्या महाभूकंपात उत्तरेकडच्या मार्गावर धावणाऱ्या गाड्या प्रवाशांना घेऊन सुखरूप थांबल्या, त्या तिच्यामुळेच. आणि रात्री बारा ते सकाळी सहा एकही गाडी धावत नाही. ते सहा तास रुळांचे, तारांचे आणि डागडुजी करणाऱ्यांचे. तोक्यो-ओसाका मार्गावर सकाळी पहिली गाडी सुटण्याआधी तपासणीचं वाहन मार्गावरून फिरतं. डॉक्टर येलो नावाची पिवळी गाडी पन्नास वर्षांवर त्या मार्गाची नाडी पाहत आली. तोक्यो स्थानकात गाडी परत फिरायला बारा मिनिटं मिळतात. चढउतार वगळून उरलेल्या सात मिनिटांत सफाईवाल्या बायका डबे झाडून, सीट फिरवून मोकळ्या होतात आणि फलाटावर ओळीने उभ्या राहून प्रवाशांना वाकून नमस्कार करतात. वेग हा या सगळ्याच्या शेवटी येणारा भाग आहे.

आपल्या लोकलला रात्री जेमतेम दोन-तीन तास मिळतात. शेवटची गाडी कारशेडमध्ये जाते न जाते तोच पहिलीची तयारी सुरू होते. म्हणून रविवारी मेगाब्लॉक. रविवारच्या सकाळी लग्नाला निघालेला माणूस मेगाब्लॉकला शिव्या देतो, मीही दिल्या आहेत. पण त्या दिवशी उन्हात किंवा पावसात रुळांवर वाकलेला गँगमन मला आता वेगळा दिसतो. रोज ७० लाखांच्या आसपास माणसं वाहणाऱ्या जाळ्याला तोच तोलून धरतो. बुलेट ट्रेनच्या इंजिनाचा आकार इथे शाळकरी पोरालाही चित्रात काढता येतो. गँगमनचं चित्र कुणी काढत नाही.

आता दुसरा युक्तिवाद, बुलेटचे पैसे लोकलला द्या. हा भावनेला पटतो, हिशेबाला नाही. १ लाख ८ हजार कोटींचा जो मूळ अंदाज होता, त्यातला मोठा भाग जपानच्या कर्जाचा, ०.१ टक्के व्याजाचा, पन्नास वर्षांत फेडायचा. ते कर्ज या प्रकल्पापुरतं आहे. प्रकल्प रद्द केला म्हणून ते डोंबिवलीच्या फलाटावर येणार नाही. बुलेट ट्रेनवर आक्षेप घ्यायचे तर ते दुसरे आहेत आणि गंभीर आहेत. पालघरच्या ग्रामसभांनी ठराव करून विरोध नोंदवला, त्यांचं म्हणणं किती ऐकलं गेलं? ५०८ किलोमीटरपैकी महाराष्ट्रात १५६ किलोमीटर. त्या वाटेवर ज्यांच्या वाड्या आणि शेतं होती, त्यातले किती जण त्या गाडीत कधी बसतील? उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २० हजार खारफुटी तोडायला परवानगी दिली, तेव्हा बदल्यात झाडं लावण्याची अट होती. ती झाडं जगली का, हे विचारत राहणं आपलं काम आहे. हे सगळं मान्य करूनही मी या गाडीच्या विरोधात नाही. ती येते आहे तर तिच्याबरोबर येणाऱ्या सवयी आपण मागून घ्याव्यात आणि त्या फक्त तिच्यापुरत्या राहू देऊ नयेत, असं माझं म्हणणं आहे.

मात्र त्या सवयींचंही एक काळं पान आहे आणि ते लपवून जपानचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं होईल. २५ एप्रिल २००५ च्या सकाळी आमागासाकीला एक लोकल वळणावर रुळांवरून उडाली आणि रहिवासी इमारतीत घुसली. १०७ जण गेले. चालक २३ वर्षांचा होता, तोही गेला. आधीच्या स्थानकात त्याची गाडी फलाटाच्या पुढे गेली होती, ती मागे घेण्यात वेळ गेला आणि दीड मिनिटाचा उशीर झाला. ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर तो ११६ च्या वेगाने शिरला. त्या कंपनीत उशीर करणाऱ्या चालकाला ‘निक्किन क्योइकु’ नावाच्या शिक्षेला पाठवत. पुन्हा पुन्हा कबुलीजबाब लिहायचे, अपमान सोसायचा. त्या तरुणाने ती आधी भोगली होती. वेळ पाळणं माणसाच्या भीतीवर उभं केलं की काय होतं, ते त्या वळणावर दिसलं. आणि त्या वळणावर गाडीला आपोआप आवरणारी नवी यंत्रणा तेव्हा बसलेली नव्हती. शिंकानसेनच्या चालकाला जे पहिल्या दिवसापासून मिळालं, ते लोकलच्या चालकाला चाळीस वर्षांनीही मिळालं नव्हतं. वेगवान गाडी देशाची शान आणि लोकल मात्र कामापुरती, असा भेद जपाननेही केला, आणि तो महागात पडला.

आपल्याकडे हा भेद फार रुंद आहे. करोनाचा काळ सोडला तर मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. एका दिवसाचे धरले तर निदान पाच-सहा. त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची होते. ‘लोंबकळत होता’, ‘शॉर्टकट घेत होता’ असं म्हटलं की चौकशी संपते, कारण मेलेल्याचा दोष निघालेला असतो. पण तो लोंबकळत का होता? आत जागा नव्हती. शॉर्टकट का घेतला? पूल फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होता. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं कोंबलेली असतात आणि रेल्वेने त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव दिलेलं आहे. ज्या स्थितीला नाव मिळतं, ती हळूहळू नेहमीची होऊन जाते.

तंत्रज्ञानाबद्दलही थोडं. आपल्याकडे तंत्रज्ञान म्हणजे अॅप, असं होऊन बसलं आहे. एम-इंडिकेटरवर प्रवासी एकमेकांना कळवतात, ‘कल्याण फास्ट ठाण्याला उभी आहे’, ‘कुर्ल्याला पाणी’. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण अनोळखी माणसाने गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने दुसऱ्या अनोळखी माणसासाठी ते टाइप केलेलं असतं. पण लोकांनी लोकांना कळवावं लागतं, याचाच अर्थ ज्याने कळवायला हवं तो गप्प आहे. प्रत्येक लोकल कुठे आहे, किती उशिरा आहे, हे यंत्रणेला ठाऊक असतं. मग रोज रात्री तो हिशेब लोकांपुढे का येऊ नये? कुठली गाडी किती मिनिटं उशिरा धावली आणि का, हे स्थानकावर लावा, मराठीत लावा. वीस सेकंदांची माफी मागता येते, ती सेकंद मोजले जातात म्हणूनच. ज्याची नोंदच नाही त्याची माफी कोण आणि कशाची मागणार?

हीच गोष्ट पुलांची. मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. त्याची तपासणी झालेली होती आणि तो वापरायला योग्य ठरवला गेला होता. तपासणीचा कागद आणि तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या की असं होतं. प्रत्येक पुलाच्या पायथ्याशी पाटी हवी. शेवटची तपासणी कधी, कुणी केली, काय सांगितलं, ते काम झालं की नाही. खासगी लिफ्टमध्येसुद्धा असा कागद चिकटवलेला असतो. आणि मोटरमनला, गँगमनला चूक सांगायची भीती वाटू नये, कारण आमागासाकीच्या वळणावर जी भीती होती तिला देशाची सीमा नाही.

९ जून २०२५ ला सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान दोन लोकल समोरासमोरून गेल्या. दोन्हींच्या दारांत माणसं लोंबकळत होती. वळणावर ती एकमेकांना घासली, पाठीवरच्या सॅक अडकल्या आणि माणसं खाली पडली. किमान चौघांचा जीव गेला. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केलं की यापुढच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील. बंद दारांची पहिली लोकल साडेसात वर्षांपूर्वीच धावली होती. पण ती वातानुकूलित होती आणि तिचं तिकीट वेगळं होतं. साध्या डब्यातल्या माणसालाही दार लागतं, हे ठरायला मुंब्र्याचं वळण यावं लागलं.

बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक त्या वळणापासून लांब नाही. ते दिव्याजवळ म्हातार्डीला होतं आहे. सुरतहून ताशी ३२० च्या वेगाने येणारी एखादी बाई तिथे उतरेल. तिचं घर कळव्याला असेल, तर पुढे ती दिव्याच्या फलाटावर येईल, चढल्याबरोबर कुणालातरी ‘कुठे?’ म्हणून विचारेल आणि त्याच मुंब्र्याच्या वळणावरून घरी जाईल. म्हातार्डीच्या फलाटाचं काम ज्या तारखेला पुरं होईल, त्या तारखेला तिच्या लोकलला दार असलं पाहिजे. मी रेल्वेकडे, माझ्या खासदाराकडे आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाकडे एवढंच मागणार आहे, आणि उत्तर तारखेसकट मागणार आहे.